उंच खुराडं आणि म्हाताऱ्या कोंबड्या

सिंगापूरच्या जुन्या कांपोंगात, म्हणजे इथल्या खेड्यात, मलय घरामागचं खुराडं जमिनीला टेकलेलं नसायचं. चार-सहा खांब रोवून त्यावर ते उभं करत. तळाला फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, बाजूंना बांबू किंवा मोडक्या खोक्यांच्या फळ्या, वर आतापचं, म्हणजे खाजणात वाढणाऱ्या निपाच्या झावळ्यांचं छप्पर. पुढे झावळ्यांच्या जागी पत्रा आला. याला मलय माणसं रेबान म्हणतात. दाराला टेकवलेली एक अरुंद फळी किंवा खाचा पाडलेला ओंडका, एवढीच वर जायची वाट. दिवस कलला की कोंबड्या त्या फळीवरून किंवा सरळ पंख फडफडवून आत जात आणि घरातलं कुणीतरी दार लावून घेई.

ही उंची कशासाठी, हे इथे एक पावसाळी आठवडा काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात अंगणाचं तळं होतं, आणि ओल्या जमिनीवर बसलेली कोंबडी टिकत नाही. फटींतून विष्ठा खाली पडते, खालून वारा येतो. पण पाण्यापेक्षा मोठं भय शिकाऱ्यांचं. इथल्या अजगराला आख्खी कोंबडी गिळायला फारसा वेळ लागत नाही. उदमांजर, ज्याला इथे मुसांग म्हणतात, ते तर छपरावरूनच फिरतं. घोरपडी अंड्यांवर टपलेल्या असतात. मलय घर स्वतःच खांबांवर उभं. घराखालच्या मोकळ्या जागेत सरपण, होड्यांचं सामान आणि दिवसभर चरणाऱ्या कोंबड्या. घर जसं, तसंच खुराडं. चिनी वस्त्यांतली घरं मात्र जमिनीवर असत, आणि त्यांचे कोंबड्यांचे आडोसेही बरेचदा सखल.

माझं बालपण संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्याकडे खुराडं घराच्या जोत्याला चिकटून, जांभ्याच्या चिऱ्यांचं आणि मातीचं. दार जमिनीच्या पातळीवर, मांजरही वाकून जाईल एवढं. रात्री त्याला चिरा लावायचा. पिलांवर बसलेली कोंबडी पडवीत डालग्याखाली. आमचेही शत्रू होतेच: कोल्हा, मुंगूस, रानमांजर. पण आमचं उत्तर दगडाचं होतं, इथलं उत्तर उंचीचं. म्हणून आमच्याकडची थकलेली कोंबडी डुलत डुलत चालत आत जायची. इथल्या कोंबडीला चढावं लागे.

गेली कित्येक वर्षं मी या चढण्याचाच विचार करतो आहे, कारण माझ्या घरामागच्या कोंबड्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. आणि जुन्या रेबानांविषयी विचारत फिरू लागलो तेव्हा हळूहळू ध्यानात आलं, की शिडी चढता न येणारी कोंबडी ही या बेटाच्या इतिहासात अगदी नवी आहे. पूर्वी ती नव्हतीच. कुणी तिला म्हातारी होऊच देत नसे.

आमच्या गल्लीत एक मलय आजी राहतात. सगळे त्यांना माकचिक म्हणतात, मीही. त्यांचं लहानपण बेटाच्या पूर्वेकडच्या एका कांपोंगात गेलं, जो आता नकाशावर नाही. त्यांना मी विचारलं, म्हाताऱ्या कोंबड्यांसाठी काही वेगळी सोय असे का? त्यांना प्रश्नच कळेना. अंडी कमी झाली की कोंबडी ईदला किंवा पाहुणा आला की रश्श्यात जायची. शेजारच्या चिनी कुटुंबात तर जून कोंबडीला जास्त मान, कारण सूपाला तीच लागे; तासन्‌तास मंद आचेवर ठेवली तर तिच्या हाडांचा जो अर्क उतरतो तो कोवळ्या कोंबडीचा उतरत नाही. आजही इथल्या बाजारात सूपासाठी जून कोंबडी वेगळी मागून घेतात. जी सुरीपासून वाचे ती रोगाने जाई. आपल्याकडे शेतकरी ज्याला मानमोडी किंवा रानीखेत म्हणतात तो रोग पहिल्यांदा ओळखला गेला १९२६ साली, इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आणि इथून जवळच्या जावा बेटावर. लस येण्यापूर्वी एक लाट आली की आख्खी वस्ती कोंबड्यांशिवाय होई. अशा जगात शिडीचा चढ कुणी मोजावा?

शिवाय कोंबडी मुळातच उंचावर झोपणारी. तिचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा अजूनही सिंगापुरात आहे. उबिन बेटावर आणि आता मुख्य बेटावरही. करडे पाय आणि कानाजवळचा पांढरा ठिपका यावरून तो ओळखायचा. रात्री तो झाडावर चढतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पाळीव कोंबडीचं मूळ नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या पट्ट्यातल्या रानकोंबड्यांत दाखवलं. २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली हाडं पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा ठरली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. रान सोडून ती माणसाजवळ आली ती भाताच्या दाण्यांसाठी, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे ही शेजारच्याच मुलुखातली पाखरं. रानकोंबडी वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. अंग हलकं, पंख भक्कम. तिच्या रक्ताच्या कांपोंग-कोंबडीला कमरेएवढी उंची म्हणजे काहीच नव्हतं; फळी असली काय, नसली काय.

मग खेडीच गेली. गृहनिर्माण मंडळ, ज्याला इथे सगळे एचडीबी म्हणतात, ते १ फेब्रुवारी १९६० रोजी स्थापन झालं. २५ मे १९६१ ला बुकित हो स्वीला लागलेल्या आगीत सुमारे १६,००० माणसं एका दुपारी बेघर झाली, आणि त्यानंतर उंच इमारती बांधण्याचा वेग फार वाढला. पुढच्या तीस वर्षांत कांपोंगामागून कांपोंग उठले. मुख्य बेटावर आज एकच उरला आहे, लोरोंग बुआंगकोक.

या स्थलांतराचे बहुतेक इतिहास माणसांचे आणि चौरस मीटरांचे आहेत. कोंबड्यांचं काय झालं ते शोधावं लागतं. ली क्वान यू यांच्या २००० साली निघालेल्या आठवणींच्या दुसऱ्या खंडात ते सापडतं. एक जोडपं, बारा मुलं, झोपडीतून ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या नव्या घरात आलं ते डझनभर कोंबड्या-बदकं घेऊनच. त्या बाईने स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी फाटक बसवलं, पाखरं बैठकीच्या खोलीत येऊ नयेत म्हणून. संध्याकाळी मुलं खाली गवतात उतरून त्यांच्यासाठी किडे आणि गांडुळं शोधत. हे दहा वर्षं चाललं. कुणी डुकरं जिन्याने वर चढवायला बघत होते. आणि लिफ्टची भीती वाटते म्हणून कितीतरी माणसं जिनेच चढत होती, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. मला तो परिच्छेद फार मोलाचा वाटतो. एका देशाचा माजी पंतप्रधान आपल्या कारकिर्दीचा हिशेब देताना स्वयंपाकघरातल्या कोंबड्यांच्या फाटकाला जागा देतो, हे मला त्या फाटकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्या बाईचं ते फाटक म्हणजे या शहरातलं, मला सापडलेलं तरी, उंचावरचं पहिलं नोंदलेलं खुराडं.

पण ते टिकणारं नव्हतं. एचडीबीच्या घरात कोंबड्या पाळायला मनाई झाली आणि आजही आहे. कोंबड्या मोठ्या शेतांवर गेल्या, आणि शेतं बेटाच्या उत्तरेला नि वायव्येला सरकत लिम चू कांगपर्यंत गेली. तिथे पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये आजच्या जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. २०२१ साली सिंगापूरच्या अंड्यांपैकी सुमारे ३० टक्के या स्थानिक शेतांतून आली. ती कोंबडी दीड वर्षाची होते न होते तोच तिचं काम संपतं. चांगली जपली तर सहा-आठ वर्षं जगू शकणारा जीव आहे तो. १९९० च्या दशकात भाजीबाजारातली जिवंत कोंबड्यांची दुकानं, जिथे बोट दाखवलं की समोर कापून मिळे, तीही बंद झाली. शहरातल्या मुलाला जिवंत कोंबडी दिसायची जागाच उरली नाही.

ऑगस्ट २००४ मध्ये मलेशियातल्या केलांतानला बर्ड फ्लू सापडला आणि सीमेवरून येणाऱ्या कोंबड्या थांबल्या. पुढच्या वर्षी, २००५ साली, सावधगिरी म्हणून उबिनवरच्या रहिवाशांच्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या काढायला लावल्या गेल्या. अंगणात कोंबड्या सोडायची रीत जिथे शेवटपर्यंत जशीच्या तशी चालू होती ती जागाही अशी गेली. रोगाचं भय खरं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वेळी उबिनवरच्या खुराड्यांची कुणी मोजमापं घेतली असती तर आज माझं काम किती सोपं झालं असतं! जानेवारी २०१७ मध्ये सिन मिंग इथल्या इमारतींखाली फिरणाऱ्या २४ कोंबड्या, सुमारे वीस तक्रारींनंतर, सरकारी खात्याने मारल्या, तेव्हा मात्र शहर हललं. पत्रं आली, संसदेत प्रश्न आला. ज्यांनी आयुष्यात खुराडं पाहिलं नव्हतं अशी तरुण माणसं कोंबड्यांच्या बाजूने बोलत होती. त्या गदारोळात मला पहिल्यांदा वाटलं की या शहरात कोंबडीला पुन्हा जागा मिळू शकेल. या वेळी रश्श्यासाठी नव्हे, सोबतीसाठी.

कायद्याने ती जागा आहेच, लहानशी. स्वतःच्या जमिनीवरच्या घरात जास्तीत जास्त दहा कोंबड्या ठेवता येतात, आणि बाहेरचा पक्षी आत शिरणार नाही अशा जाळीबंद जागेत ठेवाव्या लागतात. या नियमातूनच म्हातारी कोंबडी जन्माला आली असं मी म्हणतो. मोजक्या कोंबड्या, प्रत्येकीला नाव, घरी कापायचा प्रश्न नाही. अंडी थांबली तरी ती राहते. चौथ्या-पाचव्या वर्षी तिचा चालण्याचा डौल बदलतो. आमची चांदणी आधी एका पायावर भार टाकू लागली, मग दुपारी उन्हाच्या वेळी बसून राहू लागली, आणि एका संध्याकाळी बाकीच्या वर गेल्यावर ती फळीच्या पायथ्याशी मान वर करून उभी राहिली.

माझा पेशा स्थापत्य अभियंत्याचा. निवृत्तीपूर्वी बरीच वर्षं मी जुन्या इमारतींमध्ये उतार, कठडे आणि लिफ्ट बसवण्याच्या कामांवर होतो. सुरुवातीच्या काळातल्या एचडीबी इमारतींत लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबत. मधल्या मजल्यावरच्या माणसाने एक-दोन मजले चढायचे किंवा उतरायचे. बांधणाऱ्यांचं तेव्हा काही चुकलं नव्हतं. राहायला आलेली माणसं तिशीतली होती. १९९० मध्ये अडथळाविरहित इमारतींची नियमावली आली, २००१ पासून प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, २०१२ पासून वृद्धांच्या घरात न्हाणीघराला कठडे नि उंबऱ्याला उतार बसवून देतात. २०२४ साली सिंगापूरच्या नागरिकांत ६५ वर्षांवरचे जवळपास २० टक्के होते. जे जिने चढून या देशाने संसार थाटला, ते जिने त्याच माणसांसाठी बदलावे लागले. रेबानची फळीही तरुण जिवांसाठीच बनली होती. चांदणीला पायथ्याशी उभी पाहिल्यावर मला उत्तर कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नाही.

खुराडं खाली आणायचं नाही, हे मी आधी ठरवलं. लोक पहिल्यांदा तेच सुचवतात. पण अजगर अजून इथेच आहे, आमच्या मागच्या गटारातून जाताना तो मी स्वतः पाहिला आहे. आणि पाऊसही तोच आहे. शंभर वर्षांच्या अनुभवाने ठरलेली उंची एका म्हातारीसाठी मोडायची नाही. उंची ठेवायची आणि वाट बदलायची. आमचं दार जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर. जुनी फळी जेमतेम ९० सेंटिमीटर लांब होती, म्हणजे चढ ५५ अंशांच्या वर. दीड मीटरची फळी लावली की तोच चढ ३० अंशांवर येतो. चाकाच्या खुर्चीसाठी आम्ही बारा हातांत एक हात चढ देत असू. कोंबडीला एवढा सौम्य लागत नाही, पण ४५ अंशांपुढे जून कोंबडी कचरते. जागा नसेल तर दोन फळ्या काटकोनात घ्याव्यात, मध्ये विसाव्यापुरता चौकोन ठेवावा. आजारी पायाची कोंबडी तिथे खरंच थांबते.

फळी निदान ३० सेंटिमीटर रुंद हवी. अरुंद फळीवर म्हातारीला मागून येणारी तरणी ढकलते. पाठीमागून चोच मारायचा मान कळपात कुणाचा, हे कोंबड्यांना पक्कं ठाऊक असतं. आडव्या पट्ट्या सात-आठ सेंटिमीटरवर ठोकाव्यात, कारण थकलेल्या पायाचं पाऊल लहान पडतं. आमच्या कोकणी हाताला सुचतं तसं मी आधी फळीवर सुंभ गुंडाळला होता; पकड उत्तम, पण इथल्या दमटपणात तो वाळतच नाही, आणि ओल्या पृष्ठभागाने तळपायाला गळवं होतात. नुसत्या लाकडी पट्ट्या, मध्ये पाणी निथळायला फट, आणि आठवड्याला एकदा ब्रशने शेवाळ काढणं, हेच बरं. पत्रा किंवा काळा डांबरी कागद नको. दुपारी दोन वाजता त्यावर हात ठेवून बघावा म्हणजे कळेल.

दाराचा उंबरा मी कापून टाकला. तूस बाहेर सांडू नये म्हणून तो असतो, पण पाच सेंटिमीटरच्या त्या कडेवर पाय अडखळतो. आतली बसायची दांडी कमरेवरून ढोपराखाली, २५ सेंटिमीटरवर आणली. चार-पाच सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली. कारण चढण्यापेक्षा उतरणं जास्त घातक. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीची हाडं वर्षानुवर्षं कवचासाठी चुना देऊन झिजलेली असतात, आणि वरून उडी मारली की छातीचं हाड मोडतं. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठ्या कोंबडीघरांत मजल्यांमध्ये उतारफळ्या बसवल्यावर पडणं आणि छातीचं हाड मोडणं दोन्ही कमी झालेलं दिसलं. तिथल्या हजारो कोंबड्यांना जे लागू, ते माझ्या सहा जणींना लागू असायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट फक्त इथली. विषुववृत्त जवळ असल्याने सिंगापूरला बारा महिने सातच्या आसपास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. कोंबडीला अंधारात दिसत नाही, म्हातारीला त्याहून कमी. म्हणून शेवटचा दाणा मी साडेसहाच्या आत, खुराड्याच्या आत टाकतो. म्हाताऱ्या आधी चढतात, तरण्या नंतर.

माकचिकनी नवी फळी बघितली आणि एकच विचारलं: रात्री ही काढता कशी? त्यांची आई रात्री फळी ओढून बाजूला टाकायची, मुसांगला वाट मिळू नये म्हणून. दीड मीटरची जड फळी रोज उचलणं माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून वरच्या टोकाला बिजागऱ्या लावल्या. दोरी ओढली की फळी दारावर उभी मिटते आणि आकड्यात अडकते. जुनी युक्ती होती ती, मला ठाऊक नव्हती. कुठल्याही छायाचित्रात ती दिसणार नाही, कारण छायाचित्रं दिवसा काढतात.

म्हणूनच एक मागणं. या देशाने १९७९ सालीच मौखिक इतिहासाचं काम हाती घेतलं, कांपोंगात वाढलेल्या कितीतरी माणसांच्या मुलाखती जपल्या. त्यांत कोंबड्या येतात, पण जाता जाता. माकचिकच्या वयाची माणसं अजून आपल्यात आहेत. ज्यांच्या शेजारी अशी आजी असेल त्यांनी विचारून लिहून ठेवावं: खांब कशाचे होते, तळ किती उंच होता, फळी केवढी होती, दार कोण लावायचं, पूर आला तेव्हा कोंबड्या कुठे नेल्या. इथल्या मराठी वाचकांपैकी ज्यांचं गाव कोकणात किंवा घाटावर आहे त्यांनी पुढच्या सुट्टीत तिथलं खुराडंही मोजून आणावं. टेप मी देईन.